वेळेवर सुटणारी गाडी

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात एक काळ असा होता, की दुधाच्या किटल्या, वैरणीच्या पेंढ्या किंवा भाजीच्या पाट्या लादलेली एक छोटी मोपेड प्रत्येक वाटेवर दृष्टीस पडत असे. १९८० साली होसूरच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या या गाडीवर टीव्हीएस ही तीन अक्षरे होती. पुढे ती अक्षरे मोटारसायकलींवर आली, ट्रकच्या सुट्या भागांच्या खोक्यांवर आली. परंतु ही एका माणसाच्या नावाची आद्याक्षरे आहेत आणि त्या माणसाने दुचाकी नव्हे, तर खेड्यापाड्यांतून धावणारी बस चालवून आपल्या उद्योगाचा पाया घातला, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. तिरुक्कुरुंगुडी वेंगराम सुंदरम अय्यंगार हे ते नाव. दक्षिण भारतातील मोटार वाहतुकीचे आद्य प्रवर्तक म्हणून ते ओळखले जातात.

सुंदरम अय्यंगार यांचे चरित्र हे एका प्रवासी गाडीचे चरित्र आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. गाडी वेळेवर सुटली पाहिजे, एवढा एकच आग्रह त्यांनी धरला. त्या आग्रहापोटी दुरुस्तीचा कारखाना आला, टायरवर नवे रबर चढवण्याची भट्टी आली, कोळशाच्या गॅसवर गाडी चालवण्याचे यंत्र आले, सुटे भाग आले आणि अखेर एक विशाल उद्योगसमूह उभा राहिला. आधी कारखाना आणि मग गिऱ्हाईक, हा उद्योगांचा नेहमीचा क्रम येथे उलटा झालेला दिसतो.

नोकरीचा उंबरठा ओलांडताना

सुंदरम अय्यंगार यांचा जन्म २२ मार्च १८७७ रोजी तिरुनेलवेली जिल्ह्यातील तिरुक्कुरुंगुडी या गावी झाला. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी वसलेले हे गाव वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांपैकी एक. तेथील नंबी पेरुमाळाच्या मंदिरामुळे गावाला पूर्वापार प्रतिष्ठा होती. श्रीवैष्णव ब्राह्मण कुटुंबातील मुलाने शिकावे आणि वकिली किंवा सरकारी नोकरी पत्करावी, हाच त्या काळचा राजमार्ग. सुंदरम अय्यंगार यांनीही वडिलांच्या इच्छेला मान देऊन आरंभी वकिलीत पाऊल टाकले. पुढे त्यांनी रेल्वेत नोकरी केली, काही काळ बँकेतही काम केले. कुटुंबाला स्वास्थ्य देणारी ही वाट होती आणि ती सोडण्याचे वरकरणी काहीच कारण नव्हते.

तरीही १९११ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्यांनी वाहतुकीच्या धंद्यात उडी घेतली आणि १९१२ मध्ये मदुराई येथे बससेवा सुरू केली. टी. व्ही. सुंदरम अय्यंगार अँड सन्स या नावाने ही पेढी पुढे प्रसिद्धीस आली. आज या निर्णयाचे धाडस चटकन ध्यानात येणार नाही. मुंबईसारख्या शहरात सार्वजनिक बस धावू लागली ती १५ जुलै १९२६ रोजी. त्याच्या चौदा वर्षे आधी, मंदिरे, हातमाग आणि बाजारपेठ यांवर जगणाऱ्या मदुराईतून एका कुटुंबवत्सल गृहस्थाने मोटारगाडीतून प्रवासी नेण्याचा व्यवसाय आरंभिला होता. यंत्र परदेशी, सुटे भाग परदेशी, पेट्रोल दूरवरून येणारे आणि रस्ते बैलगाडीसाठी केलेले, अशी ती परिस्थिती होती.

रेल्वे मदुराईला पोहोचून तेव्हा साडेतीन दशके उलटली होती. परंतु रेल्वेचे रूळ मोठ्या गावांना जोडत होते, मधली असंख्य गावे बैलगाडीवर किंवा पायांवरच अवलंबून होती. शेतमाल बाजारात नेणारा शेतकरी, कोर्टकचेरीच्या तारखेला जाणारा पक्षकार, सणासुदीला माहेरी जाणारी सासुरवाशीण या सर्वांचा एकेक दिवस केवळ वाटेत खर्ची पडत असे. रेल्वेत काम केलेल्या सुंदरम अय्यंगार यांनी आगगाडीचे वेळापत्रक जवळून पाहिले होते. ती शिस्त रुळांवरून उतरवून खेड्याच्या रस्त्यावर आणता येईल काय, हाच त्यांच्या पुढील साऱ्या उद्योगाचा प्रश्न होता.

सांगाड्यावर चढलेले घर

त्या काळची बस म्हणजे आज आपण पाहतो तशी कारखान्यातून तयार होऊन येणारी वस्तू नव्हती. परदेशातून यायची ती केवळ चासी. लोखंडी चौकट, चार चाके, इंजिन आणि सुकाणूचे चक्र एवढाच तिचा ऐवज. त्यावर प्रवाशांसाठी घर उभारायचे ते येथील सुतार-लोहारांनी. मद्रास इलाख्यात या कामाची परंपरा घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिरांकडून आली. १८४० साली घोडागाड्या बांधण्यासाठी स्थापन झालेल्या मद्रासच्या सिम्पसन कंपनीत सॅम्युअल जॉन ग्रीन यांनी १९०३ मध्ये वाफेवर चालणारी मोटार तयार केली होती. घोडा जाऊन इंजिन आले, तरी मागची पेटी बांधणारे हात बराच काळ तेच राहिले.

बॉडी बांधणे हे सुतारकामाचे असले तरी घराच्या सुतारकामाहून फार वेगळे होते. घर एका जागी उभे असते, गाडीचे घर मात्र जन्मभर हादरे खात असते. सागवानी खांब, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, वर छताच्या कमानी, बाहेरून पत्रा आणि आतून फळ्या अशी रचना करावी लागे. सांधा फार ताठ केला तर खड्ड्यात लाकूड चिरते आणि सैल ठेवला तर महिनाभरात सारी गाडी खुळखुळू लागते. लाकूड जाड घ्यावे तर वजन वाढते, वजन वाढले की पेट्रोल जास्त लागते आणि प्रवासी कमी बसतात. लाकूड बारीक घ्यावे तर टपावरच्या बोजाने छत वाकते. मदुराईच्या उन्हात खिडकीतून वारा यायला हवा, पण ईशान्य मोसमी पाऊस कोसळू लागला की त्याच खिडक्या झटकन बंद करता यायला हव्यात. टपावर भाताची पोती, कोंबड्यांचे खुराडे, हातमागाच्या लुगड्यांचे गठ्ठे जाणार हे धरूनच मागची शिडी आणि वरचा कठडा बसवावा लागे.

म्हणूनच बस बांधण्याचा व्यवसाय जगात बहुतेक ठिकाणी प्रादेशिक राहिला. चासी कुठूनही येवो, तिच्यावरची बॉडी त्या मुलुखाच्या रस्त्यांना, हवेला आणि माणसांच्या सामानाला जुळणारी असावी लागते. गाड्या चालवणाऱ्याने त्या बांधण्याचे आणि दुरुस्त करण्याचे कामही हाती घ्यावे, हे त्यातून ओघानेच येते. कोणता सांधा कोणत्या वळणावर ढिला होतो, हे रोज गाडी चालवणाऱ्यालाच आधी कळते. पुढील काळात टीव्हीएस समूहातील सुंदरम इंडस्ट्रीज या कंपनीने रबराच्या कामाबरोबर बसबांधणीचाही विभाग चालवला, त्याचे मूळ याच गरजेत आहे. तमिळनाडूतील करूर हे गाव तर नंतरच्या काळात खासगी बसगाड्यांच्या बांधणीचे देशातील एक मोठे केंद्र झाले. आपल्या राज्य परिवहन महामंडळानेही दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांत चासी घेऊन स्वतःच्या बॉड्या बांधण्याची पद्धत ठेवली. एसटीची लाल गाडी महाराष्ट्रातील घाटरस्त्यांना जशी सरावली, तशीच मदुराईची गाडी तेथील मुलुखाला सरावलेली होती.

रिकाम्या आसनांची किंमत

मोटार वाहतुकीचा आरंभीचा काळ बेबंदशाहीचा होता. एक-दोन गाड्या असलेले असंख्य मालक एकाच रस्त्यावर उतरत. प्रवाशांसाठी ओढाताण चाले, भाडे तोंडाला येईल ते सांगितले जाई आणि गाडी गच्च भरल्याशिवाय जागची हलत नसे. आपल्याकडे वडापच्या जीपगाड्यांचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. रस्ते आणि रेल्वे यांच्या स्पर्धेचा अभ्यास करणारा मिचेल आणि कर्कनेस यांचा अहवाल १९३३ मध्ये आला आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवाने, मार्ग आणि वेळा यांना शिस्त लावण्याचा प्रयत्न झाला. सुंदरम अय्यंगार यांनी ही शिस्त कायद्याची वाट न पाहता स्वतःवर लादून घेतली होती.

वेळेवर गाडी सोडणे ही नफ्याच्या दृष्टीने सोपी गोष्ट नाही. ठरलेल्या मिनिटाला दहा आसने रिकामी असतील, तर त्या फेरीत दहा भाड्यांचे नुकसान निश्चित असते. पाच मिनिटे थांबले तर कदाचित चार प्रवासी मिळतील, हा मोह प्रत्येक फेरीला उभा राहतो. परंतु गाडी एकदा थांबू लागली, की प्रवासीही उशिरा येऊ लागतात आणि मग वेळापत्रकाला काही अर्थच उरत नाही. याउलट गाडी निघून जाते हे एकदा कळले, की प्रवासी आधी येऊन उभा राहतो. आजचे रिकामे आसन हे उद्याच्या विश्वासाचे भांडवल आहे, हे ओळखण्यासाठी दूरदृष्टी लागते आणि ते नुकसान वर्षानुवर्षे सोसण्यासाठी मनाचा निग्रह लागतो. टीव्हीएसची बस गावात आली की लोक आपली घड्याळे जुळवून घेत, ही आठवण मदुराईच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

वेळ पाळायची तर वाटेत गाडी बंद पडता कामा नये. रस्त्यावर बैलगाड्यांची सतत वर्दळ असे आणि बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्यांचे खिळे निघून रस्त्यावर पडत. मोटारीच्या टायरांना तो रोजचाच शाप होता. यावर सुंदरम अय्यंगार यांनी काढलेला तोडगा दक्षिणेत आख्यायिकेप्रमाणे प्रसिद्ध आहे. प्रवासी गाड्या सुटण्यापूर्वी लोहचुंबक बसवलेले एक वाहन त्या रस्त्यावरून फिरवले जाई आणि ते खिळे वेचून घेई. बैलगाडीवाल्यांशी भांडत बसण्यापेक्षा, सरकारकडे अर्ज करण्यापेक्षा, त्यांनी आपल्या खर्चाने रस्ता झाडून घेतला. त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्यांनाही त्याचा फायदा होत असणारच. त्याची क्षिती त्यांनी बाळगली नाही.

हळूहळू बसगाड्यांच्या जोडीला मालवाहू गाड्या आल्या. सदर्न रोडवेज या नावाने हा पसारा चालू लागला. मोटारींच्या विक्रीसाठी व दुरुस्तीसाठी सुंदरम मोटर्स आणि मद्रास ऑटो सर्व्हिस या पेढ्या उभ्या राहिल्या. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे सुटे भाग जोडून गाड्या तयार करण्याचा कारखाना काढला होता. पुढे १९५० च्या दशकात सुंदरम मोटर्स ही या कंपनीची सर्वांत मोठी वितरक म्हणून गणली जाऊ लागली. मुंबईच्या शिवडी बंदरालगत जुळवलेल्या गाड्यांना दक्षिणेत गिऱ्हाईक मिळवून देणारी ही पेढी होती. गाडी विकणारा स्वतः गाड्या चालवणारा असल्यामुळे तिचे गुणदोष त्याला पक्के ठाऊक होते. ग्राहकाला त्याच्या शब्दाचे मोल वाटे, ते यामुळे.

घरातील कसोटी

सार्वजनिक जीवनात शिस्त पाळणाऱ्या या माणसाची खरी परीक्षा मात्र घरात झाली. त्यांची कन्या सौंदरम हिचा जन्म १९०४ चा. त्या काळच्या रूढीप्रमाणे तिचा विवाह लहान वयातच डॉ. सौंदरराजन यांच्याशी झाला. पती सुधारक विचारांचे होते, पत्नीने शिकावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्यांनाच रोगाने गाठले आणि ऐन तारुण्यात सौंदरम यांना वैधव्य आले.

सनातनी अय्यंगार कुटुंबात विधवा मुलीचे उरलेले आयुष्य कसे जावे, हे त्या काळी कोणाला विचारावे लागत नसे. सुंदरम अय्यंगार यांनी येथे रूढीची वाट सोडली. मुलीने शिक्षण पुढे चालू ठेवावे यासाठी आईवडिलांनी तिला पाठबळ दिले. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात तिचा प्रवेश झाला आणि १९३६ मध्ये ती डॉक्टर झाली. मदुराईच्या श्रीवैष्णव घरातील विधवा मुलगी हजारो मैल दूर एकटी राहून वैद्यक शिकते, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

दिल्लीतच सौंदरम यांची सुशीला नय्यर यांच्याशी मैत्री झाली आणि त्यांच्यामुळे त्या महात्मा गांधींच्या सहवासात आल्या. पुढे गांधीवादी कार्यकर्ते जी. रामचंद्रन यांच्याशी विवाह करण्याचा त्यांनी निश्चय केला. रामचंद्रन मल्याळी, शांतिनिकेतनात शिकलेले, वैकम सत्याग्रहात भाग घेतलेले. एका विधवेचा पुनर्विवाह आणि तोही जातीबाहेर, हे पाऊल आईवडिलांना पेलवले नाही. त्यांनी विरोध केला. गांधीजींनी दोघांना एक वर्ष परस्परांपासून दूर राहून विचार करण्यास सांगितले. वर्षानंतरही निश्चय कायम राहिला तेव्हा नोव्हेंबर १९४० मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात गांधीजींच्या साक्षीने अत्यंत साधेपणाने हा विवाह पार पडला. मदुराईतील त्या श्रीमंत घरातील मुलीचे लग्न विदर्भातील आश्रमाच्या कुडात झाले.

या प्रसंगात सुंदरम अय्यंगार यांच्या स्वभावाच्या मर्यादा दिसतात आणि त्या झाकण्याचे कारण नाही. मुलीला डॉक्टर करणारा बाप तिच्या निवडीपुढे अडखळला. ज्या मदुराईत १९३९ मध्ये मीनाक्षी मंदिराचे दरवाजे हरिजनांसाठी उघडले गेले आणि त्यावरून सनातनी समाज ढवळून निघाला, त्याच मदुराईत, त्यानंतर अवघ्या वर्षभराने, हा पेच त्यांच्यापुढे आला होता. रस्त्यावरचे खिळे चुंबकाने वेचता येतात, पण मनात शतकानुशतके रुतलेले खिळे इतक्या सहज निघत नाहीत. तथापि शिक्षणाचे जे दार त्यांनी स्वतः उघडून दिले होते, त्यातूनच ती मुलगी पुढे गेली हेही तितकेच खरे. डॉ. सौंदरम आणि रामचंद्रन यांनी १९४७ मध्ये मदुराई-दिंडिगल रस्त्यावरील चिन्नलपट्टीजवळ गांधीग्राम ही संस्था उभारली. तेथे रुग्णालय निघाले, ग्रामीण शिक्षणाचे काम वाढले आणि पुढे त्यातून विद्यापीठ आकारास आले. डॉ. सौंदरम मद्रास विधानसभेवर आणि १९६२ मध्ये लोकसभेवर निवडून आल्या, केंद्रात शिक्षण खात्याच्या उपमंत्री झाल्या आणि पद्मभूषण किताबाच्या मानकरी ठरल्या. मदुराईच्या परिसरात बापाने खेड्यांपर्यंत गाडी नेली आणि मुलीने दवाखाना व शाळा नेली, असे आज मागे वळून पाहताना म्हणता येते.

पेट्रोल नाही, रबर नाही, लाकूड नाही

कन्येच्या विवाहानंतर वर्ष-सव्वा वर्षातच धंद्यावर मोठे संकट आले. दुसऱ्या महायुद्धामुळे पेट्रोलवर नियंत्रण आलेच होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर आणि मार्चमध्ये रंगून जपानच्या हाती पडले. बस चालवणाऱ्याला लागणाऱ्या तीन मोठ्या गोष्टींचा ओघ त्यामुळे आटला. ब्रह्मदेशातून येणारे खनिज तेल बंद झाले, मलायाचे रबर बंद झाले आणि बॉडी बांधण्यासाठी नावाजलेले ब्रह्मदेशी सागवानही बंद झाले. परदेशातून नवी चासी येण्याचा तर प्रश्नच नव्हता, कारण तेथील कारखाने युद्धसाहित्य तयार करण्यात गुंतले होते. असलेल्या गाड्या उभ्या करून युद्ध संपण्याची वाट पाहणे, हा अनेक मालकांनी स्वीकारलेला मार्ग होता.

सुंदरम अय्यंगार तेव्हा पासष्टीला आले होते. त्यांनी गाड्या उभ्या केल्या नाहीत. कोळशापासून मिळणाऱ्या गॅसवर इंजिन चालवण्याचे संयंत्र त्यांनी तयार करवून घेतले आणि ते टीव्हीएस गॅस प्लँट या नावाने प्रसिद्धीस आले. महाराष्ट्रातील जुन्या मंडळींनाही युद्धकाळातील कोळशाच्या गाड्या आठवत असत. गाडीच्या पाठीशी किंवा बाजूला बंबासारखी भट्टी बसवलेली असे. तीत लोणारी कोळसा पेटवून हवेचा पुरवठा मुद्दाम अपुरा ठेवला की कोळसा पुरता न जळता त्यातून ज्वलनशील वायू निघतो. हा वायू थंड करून, त्यातील राख व काजळी गाळून इंजिनात सोडायचा. सकाळी गाडी सुटण्याच्या बऱ्याच आधी भट्टी पेटवावी लागे, गाळणी वारंवार साफ करावी लागे आणि चढावर इंजिनाचा दम कमी पडे. तरीही गाडी धावत असे. ज्या इंधनासाठी बंदराकडे डोळे लावून बसावे लागत होते, त्याच्याऐवजी जंगलातील लाकडाचा कोळसा कामास आला.

टायरच्या बाबतीतही हीच दृष्टी ठेवण्यात आली. टायरचा वरचा थर झिजला तरी आतला कापडी सांगाडा पुष्कळदा शाबूत असतो. झिजलेला थर खरवडून काढायचा, त्यावर नवे रबर चढवायचे आणि साच्यात घालून उष्णतेने व दाबाने ते एकजीव करायचे, ही रिमोल्डिंगची प्रक्रिया. अगदी थोड्या रबरात टायरला पुन्हा आयुष्य मिळते. सुंदरम अय्यंगार यांनी यासाठी कारखाना काढला. स्वतःच्या गाड्यांची गरज भागवता भागवता तो स्वतंत्र उद्योग झाला आणि रबराच्या वस्तूंचे उत्पादन त्यातून वाढले. टंचाईच्या काळात अनेकांनी साठेबाजी करून पैसा मिळवला. सुंदरम अय्यंगार यांनी टंचाईतून कारखाने मिळवले, हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे.

वारसा

स्वातंत्र्यानंतर त्यांनी व्यवसायाची सूत्रे मुलांच्या हाती सोपवली आणि स्वतः निवृत्ती पत्करली. उद्योग उभारणाऱ्या पहिल्या पिढीला हे क्वचितच जमते. राजम, संतानम, श्रीनिवासन आणि कृष्ण या पुत्रांनी कामाचे क्षेत्र वाटून घेतले. १९५४ हे वर्ष या कुटुंबासाठी वळणाचे ठरले. देशात गाड्या केवळ जुळवण्यापेक्षा त्यांचे भाग येथेच बनवावेत असे सरकारी धोरण आले आणि जनरल मोटर्सने मुंबईतील कारखाना बंद केला. ज्यांच्या गाड्या विकायच्या तेच निघून गेले. त्याच वर्षी संतानम यांनी सुंदरम फायनान्सची स्थापना केली. बस किंवा ट्रक घेऊ पाहणाऱ्या छोट्या मालकाला चासीसाठी कर्ज मिळणे त्यामुळे सुकर झाले. वडिलांच्या हयातीतच मुलांनी पुढचे पाऊल टाकले होते.

२८ एप्रिल १९५५ रोजी कोडाईकॅनॉल येथील निवासस्थानी, झोपेतच सुंदरम अय्यंगार यांचे निधन झाले. त्या वेळी ते ७८ वर्षांचे होते. त्यांच्या पश्चात १९६० ते १९६२ या अवघ्या तीन वर्षांत व्हील्स इंडिया, लुकास-टीव्हीएस, ब्रेक्स इंडिया आणि सुंदरम-क्लेटन या कंपन्या उभ्या राहिल्या. चाके, विजेची उपकरणे आणि ब्रेक, म्हणजे एकेकाळी ज्या वस्तूंसाठी मदुराईची बस परदेशी जहाजाची वाट पाहत उभी राहिली असती, त्याच या वस्तू.

१९७२ मध्ये तमिळनाडू सरकारने मोठ्या खासगी बससेवांचे राष्ट्रीयीकरण केले. मदुराईकडील टीव्हीएसच्या बसगाड्या सरकारी पांड्यन रोडवेज महामंडळाकडे गेल्या. ज्या गाडीपासून सारे सुरू झाले, तीच कुटुंबाच्या हातून गेली. साठ वर्षांची सेवा अशी संपणे कोणत्याही कुटुंबाला जिव्हारी लागणारेच. प्रवासी वाहतूक सरकारने करावी की खासगी मालकांनी, हा वाद स्वतंत्र आहे आणि महाराष्ट्रात १९४८ मध्ये एसटी सुरू झाली तेव्हापासून आपणही तो ऐकत आलो आहोत. दुर्गम खेड्यात तोट्यातही गाडी नेण्याचे बळ सरकारी सेवेत असते, याचा अनुभव आपल्याला आहे. त्याचबरोबर ठरलेल्या मिनिटाला गाडी सुटण्याचा आग्रह कोणत्याही सेवेत आपोआप येत नाही, तो कोणीतरी रोज धरावा लागतो, हाही अनुभव आपल्याला आहेच.

बस गेली, पण बस चालवण्यासाठी जे जे उभारावे लागले ते राहिले. गॅरेजमधून कारखाने झाले, रिमोल्डच्या साच्यातून रबर उद्योग झाला, गिऱ्हाइकाच्या अडचणीतून वित्तसंस्था निघाली. २०२२ मध्ये कुटुंबाच्या निरनिराळ्या शाखांत या कंपन्यांची मालकी रीतसर विभागली गेली, तरीही त्या तीन अक्षरांचे वजन कमी झाले नाही.

सुंदरम अय्यंगार शास्त्रज्ञ नव्हते, त्यांनी कोणता क्रांतिकारक शोध लावला नाही. चासी दुसऱ्यांची होती, इंजिन दुसऱ्यांचे होते, कोळशाच्या गॅसची कल्पनाही जगाला आधीपासून माहीत होती. त्यांनी केले ते एवढेच, की दूरच्या एखाद्या गावात फाट्यावर उभ्या असलेल्या अनोळखी प्रवाशाला दिलेली वेळ त्यांनी मोडली नाही. युद्ध आले, तेल संपले, तरी ती मोडू नये म्हणून जे लागेल ते करत राहिले. आज आपल्याकडे एखाद्या फाट्यावर झाडाखाली एसटीची वाट पाहणाऱ्या म्हातारीला उद्योगसमूहाचा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नाही. गाडी वेळेवर यावी, एवढीच तिची अपेक्षा असते. ही साधी अपेक्षा किती मोठ्या कामाची सुरुवात ठरू शकते, हे मदुराईच्या या गृहस्थाने एक शतकापूर्वी दाखवून दिले.